उपदेशाकडून साक्षीकडे : पंडिता रमाबाईंची लेखणी

आपल्या पुष्कळ मंडळ्यांतून वर्षातील एक रविवार स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची चाल आहे. त्या दिवशी बहुधा नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला जातो आणि सद्गुणी स्त्री कशी असावी ह्याचे विवेचन व्यासपीठावरून होते. ती रात्र सरण्यापूर्वी उठते, घरादाराला अन्न पुरविते, तिचा दिवा विझत नाही, हे सर्व सांगितले जाते. समोर बसलेल्या स्त्रियांपैकी कित्येक त्याच दिवशी पहाटे उठून, पाणी भरून, भाकऱ्या थापून, मुलांची वेणीफणी करून उपासनेस आलेल्या असतात. आपण जे करीत आहो तेच करावे, असा उपदेश त्या तासभर ऐकतात आणि घरी जाऊन दुपारच्या स्वयंपाकास लागतात. उपदेशकाचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. परंतु त्या तासाभरात त्या स्त्रियांविषयी नवे असे काय समजले, असा प्रश्न केला तर उत्तर देणे कठीण जाईल.

हा प्रश्न प्रस्तुत लेखकास सुचला तो पंडिता रमाबाईंची पुस्तके त्यांच्या कालक्रमाने पुन्हा वाचताना. रमाबाईंचे चरित्र आपल्या वाचकांस सामान्यतः ठाऊक असते. दुष्काळ, मुक्तिसदन, केडगावचे संजीवन हे विषय आपल्या प्रवचनांतून वरचेवर येतात. पण रमाबाई ह्या व्यवसायाने आणि वृत्तीने लेखिका होत्या, आणि समाजातील अन्याय लोकांच्या ध्यानी आणून देण्यासाठी लेखणी कशी धरावी हे त्या पायरीपायरीने शिकत गेल्या, ह्या गोष्टीकडे आपले लक्ष कमी गेले आहे. विशेष हे की त्यांचे पहिले पुस्तक हा स्त्रियांस केलेला एक लांबलचक उपदेशच होता. ती वाट त्यांनी लवकरच सोडली. का सोडली, हे पाहण्यासारखे आहे.

विद्यानगरात बसून रमाबाईंविषयी लिहिताना एक जवळीक वाटते. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकाच्याच भूमीत, सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती ह्या नद्यांचे उगम त्या परिसरात आहेत. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळनजीकच्या माळ गावचे चित्पावन विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. हा अपराध समजला जाऊन त्यांस उडुपीच्या धर्मपीठापुढे जाब द्यावा लागला. शास्त्राच्याच आधाराने त्यांनी आपली बाजू मांडली आणि ती मान्य झाली. तरीही रानात आश्रम करून राहणे त्यांनी पसंत केले. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना हे कुटुंब आश्रम सोडून तीर्थयात्रेस निघाले. मराठी ही त्यांची घरची भाषा, पण कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली ह्याही भाषा त्यांस अवगत झाल्या. सीमेवरच्या माणसाप्रमाणे अनेक भाषांत वावरण्याची सवय त्यांस बालपणापासून होती, आणि ती पुढे त्यांच्या कामी आली.

कुटुंबाचा चरितार्थ पुराण सांगण्यावर चाले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पोथी वाचायची, श्रोत्यांनी पुढे पैसा, धान्य, फळे ठेवायची. श्रोत्यास संस्कृत समजले नाही तरी श्रवणाने पुण्य लागते, अशी श्रद्धा. रमाबाईंस हजारो श्लोक मुखोद्गत होते ते ह्या शिक्षणामुळे. शब्द उच्चारला की काम झाले, तो समजलाच पाहिजे असे नाही, ह्या कल्पनेत त्यांचे बालपण गेले हे लक्षात ठेवावे. कारण त्यांच्या लेखनाचा पुढचा सारा प्रवास ह्या कल्पनेपासून दूर जाणारा आहे.

१८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील आणि त्यांच्या पाठोपाठ थोरली बहीण अन्नावाचून व आजाराने गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास हे पायी भ्रमंती करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. ह्याच काळातली एक आठवण त्यांनी नमूद केली आहे, ती आपल्यासारख्यांस हसवणारी आणि थोडी विचारात पाडणारी आहे. ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यास भावंडे गेली होती. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकती झाली. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असा ह्या दोघांचा समज झाला! आपली उपासना बाहेरच्या डोळ्यांस कशी दिसते ह्याचा विचार आपण क्वचितच करतो.

पुढची चार वर्षे घाईत सांगणे भाग आहे. १८८० साली भाऊ वारला; त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला; १८८१ मध्ये मनोरमा जन्मली; आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने मरण पावले. चोविसाव्या वर्षाच्या आतच विधवा झालेल्या रमाबाई तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली व 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले.

ह्या पुस्तकाची भाषा जड आहे, संस्कृताच्या वजनाने वाकलेली आहे. त्यातील रमाबाई स्त्रियांस सांगतात की आळस टाका, विद्या शिका, स्वावलंबी व्हा, पतीशी व मुलांशी योग्य रीतीने वागा, घर नीटनेटके ठेवा. यात वावगे काही नाही. स्त्रीने स्वतःची उन्नती स्वतः करावी हा त्यातला आग्रह त्या काळी धाडसाचाही होता. परंतु संपूर्ण पुस्तकाचा रोख स्त्रीकडे आहे. तिची दुर्दशा झाली असेल तर ती तिच्या अज्ञानामुळे व तिच्या दोषांमुळे, आणि उपाय म्हणजे तिने सुधारावे, असा त्याचा सूर आहे. ज्या लेखिकेने स्वतः दुष्काळात आईबापांस गमावले, वैधव्य सोसले, जातीबाहेरच्या विवाहाबद्दल निंदा ऐकली, तिचे स्वतःचे जीवन ह्या पुस्तकात कोठेच दिसत नाही. व्यासपीठावरून बोलणारी पंडिता तेवढी दिसते.

योगायोग असा की त्याच साली, पुण्यातच, आणखी एका स्त्रीचे पुस्तक छापले गेले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' ही ती पुस्तिका. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येबद्दल खटला झाला आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेण्यात आले, तेव्हा ताराबाईंनी संतापून लेखणी उचलली. स्त्रीमध्ये जे दुर्गुण दाखवता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. घरच्या बोलीत, शिव्याशापांसकट, त्यांनी तो विचारला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर त्या वर्षीच्या ताराबाई ह्या त्या वर्षीच्या रमाबाईंच्या पुढे होत्या असे म्हणावे लागते, आणि रमाबाईंविषयी आदर बाळगणाऱ्याने हे मान्य करण्यास कचरू नये. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार' ह्या नियतकालिकात ह्या दोघींचीही बाजू घेतली, हेही येथे सांगितले पाहिजे.

मात्र 'स्त्रीधर्मनीति' बाहेर पडल्यानंतर थोड्याच काळात, सप्टेंबर १८८२ मध्ये, एक वेगळीच घटना घडली. सरकारने नेमलेले हंटर शिक्षण कमिशन पुण्यास आले होते. त्यापुढे रमाबाईंनी साक्ष दिली, आणि ती मराठीत दिली. साक्षीचे स्वरूप उपदेशाहून निराळे असते. साक्षीदाराने कसे वागावे हे सांगायचे नसते. जे पाहिले ते सांगायचे असते. रमाबाईंनी पाहिलेले सांगितले. शिकलेल्या पुरुषांपैकी बहुतेक सर्व स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत, स्त्रीच्या राईएवढ्या दोषाचा ते पर्वत करतात, असे त्या म्हणाल्या. मुलींच्या शाळांस स्त्रीशिक्षिका व स्त्रीतपासनिसा हव्यात. पुरुष वैद्यापुढे बोलण्याची लाज वाटते म्हणून कितीतरी स्त्रिया अकाली मरतात, यास्तव स्त्रियांस वैद्यकी शिकवावी, अशी मागणी त्यांनी केली. तीन महिन्यांपूर्वी पुस्तकात दोष स्त्रीच्या पदरी होता. येथे तो व्यवस्थेच्या पदरी गेला. विचार इतक्या थोड्या अवधीत बदलले असे नव्हे. प्रश्न विचारला गेला, उत्तर अनुभवातून द्यावे लागले, आणि अनुभवाने निराळेच काही सांगितले. लेखनाचा प्रकार बदलला की सत्य बदलून दिसते, असा अनुभव आपल्यापैकी ज्यांनी प्रवचनही लिहिले आहे आणि एखाद्या दुखवट्याच्या घरी चार तास बसून ऐकलेही आहे, त्यांस असेल.

'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून मिळालेल्या पैशावर रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. हेतू वैद्यकी शिकण्याचा होता. कानांच्या दोषामुळे तो सिद्धीस गेला नाही. वाँटेज येथील भगिनीमंडळात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ह्या काळातील जो प्रसंग त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितला आहे तो आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. लंडनमध्ये फुलहॅम येथे त्या भगिनींचे एक गृह होते. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा तेथे चाले. अशा स्त्रियांवर कोणी ममता करतो, हे रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांच्या जुन्या शास्त्रात अशांसाठी शिक्षाच होती. कारण विचारता त्यांस योहानाच्या चौथ्या अध्यायातील शमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. त्या कथेने त्यांचे मन वळले.

ह्या अध्यायावर आपण पुष्कळ प्रवचने केली असतील. येशू त्या स्त्रीस सद्वर्तनाचा धडा देत नाही, ही गोष्ट आपण कितीदा सांगितली? तो तिच्याजवळ पाणी मागतो. तिच्या जीवनात जे घडले ते उच्चारतो. आणि ती गावात जाऊन जी गोष्ट करते तिला आपल्या शास्त्रात साक्ष असे नाव आहे. रमाबाईंनी ह्या अध्यायावरून एखादा सिद्धान्त काढला असे म्हणण्यास आधार नाही. पण त्यानंतरचे त्यांचे लेखन पाहावे.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या, आणि १८८७ साली तेथे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचे जन्मापासून वैधव्यापर्यंतचे जीवन हा त्याचा विषय. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. आनंदीबाई त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने मृत्यू पावल्या होत्या. ज्या महाविद्यालयात त्या शिकल्या त्याच्या अधिष्ठात्री डॉ. रॅचेल बॉडली यांनी पुस्तकास प्रस्तावना लिहिली.

'स्त्रीधर्मनीति' लिहिणाऱ्या हाताने हे लिहिले असे सहसा वाटत नाही. येथे उपदेश नाही, हकीकत आहे. मनूची वचने आहेत, पण ती शिरगणतीच्या आकड्यांशेजारी मांडलेली आहेत. १८८१ च्या शिरगणतीतील बालविधवांची संख्या लेखिका वयोमानाप्रमाणे देते आणि पुढे जाते. रुखमाबाईंचा गाजलेला खटला सांगते. अजाण वयात लग्न झालेल्या ह्या मुलीने नवऱ्याकडे नांदण्यास नकार दिला होता, आणि मुंबईच्या न्यायालयात ते प्रकरण चालू होते. मुलींच्या हत्येविषयी लिहिताना एक नोंद येते ती वाचकाच्या सहज विसरण्यासारखी नाही : १८७० च्या शिरगणतीत अमृतसर शहरातून एका वर्षात ३०० मुले लांडग्यांनी पळवून नेल्याचे आढळले, आणि ती सर्वच्या सर्व मुली होत्या. ह्यावर लेखिका काहीही भाष्य करीत नाही. लांडग्यांस मुलगा आणि मुलगी ह्यांतील भेद कसा कळला, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. आपल्या उपदेशकांनी ह्या एका परिच्छेदापासून पुष्कळ शिकावे. उद्गारचिन्हांची गरज नाही, डोळ्यांत पाणी आणण्याची गरज नाही. गोष्ट खरी असली आणि नीट ठेवली म्हणजे ऐकणारा स्वतः उठून बसतो.

पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे साहाय्य देण्याचे तिने पत्करले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. तिचा पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला. पुस्तक लिहिले आणि शाळा उघडली, इतका सरळ संबंध मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी दिसतो.

परंतु एक आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि आजही घेतला जातो, त्याची दखल न घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरातील दुःख परक्यांपुढे, परक्या भाषेत, का मांडले? मिशनऱ्यांच्या व राज्यकर्त्यांच्या हाती हिंदू समाजाची निंदा करण्याचे साधन का दिले? आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येत नाही. पाश्चात्त्य वाचकांपैकी अनेकांनी ते पुस्तक स्वतःच्या श्रेष्ठपणाचा पुरावा म्हणून वाचले असेल. पण पुण्यात ह्या कामासाठी पैसा उभा राहत नव्हता हेही खरे. आणि रमाबाईंनी परत येताच काय केले ते पाहिले तर आक्षेपाचे उत्तर त्यांनीच दिले आहे असे दिसते. डिसेंबर १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. आता पाहणारी दृष्टी उलट फिरली. पाहणारी हिंदी स्त्री, पाहिले जाणारे अमेरिकन. त्यांची शिक्षणव्यवस्था, स्त्रियांच्या संस्था, लोकसत्ताक राज्यपद्धती ह्यांची मुक्तकंठाने स्तुती आहे. आणि काळ्या लोकांशी व तेथील मूळच्या रहिवाशांशी गोऱ्यांनी केलेल्या वर्तनाबद्दल कडक शब्दही आहेत. ह्या ग्रंथाची मराठी सोपी, खेळकर, वाहती आहे. सात वर्षांपूर्वीची पंडिता आता बोलू लागली आहे.

साक्ष देणारा माणूस कोणाच्याही बाजूचा राहत नाही, हा त्यातला धोका. रमाबाईंनी तो सर्व दिशांनी पत्करला. स्वतःच्या ख्रिस्तसभेसही त्यांनी सोडले नाही. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो आपल्या सेमिनरीतील प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांस रमाबाईंनी शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हा त्यांनी ते निमूट ऐकले नाही. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहो, पण धर्मगुरूच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेल्या नाही, ही त्यांची भूमिका होती. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. ती लॅटिन का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. हा प्रश्न तेव्हा हट्ट म्हणून बाजूस सारला गेला. पण परकी अक्षरे पवित्र आणि आपली अक्षरे संशयास्पद, ह्या समजुतीवर त्यांनी नेमके बोट ठेवले होते.

पुण्यातील समाजाने १८९३ साली त्यांस दूर केले. शारदासदनातील मुली बाईंच्या खासगी प्रार्थनेस बसतात ह्या कारणावरून 'केसरी'ने टीकेची झोड उठविली आणि रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. ह्या वादात सर्व दोष एका बाजूचा होता असे ख्रिस्ती लेखक बहुधा सांगतात. प्रस्तुत लेखकास ते तितकेसे पटत नाही. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या अभिवचनावर संस्था उभी राहिली होती, आणि पालकांस वाटलेली भीती समजण्यासारखी होती. चार वर्षांनी, १८९७ साली, पुण्यात प्लेग असताना तेथील इस्पितळात आपल्या आश्रयाखालील एका मुलीची कशी हेळसांड झाली ते रमाबाईंनी एका ख्रिस्ती इंग्रजी साप्ताहिकास पत्र लिहून उघड केले. त्या पत्राची सरकारदरबारी दखल घ्यावी लागली. ज्या सरकारच्या बाजूच्या म्हणून लोक त्यांस हिणवीत, त्याच सरकारविरुद्ध ही साक्ष होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळ त्यांनी स्वतः भोगला होता; तिथल्या मुली पाहताना त्या स्वतःसच पाहत होत्या. शेकडो मुलींस त्यांनी केडगावला आणले, आणि १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, विणकाम, दुग्धशाळा ह्यांबरोबर तेथे छापखानाही होता. १९०७ साली त्यांनी लिहिलेली आत्मकथनपर पुस्तिका मराठीत 'माझी साक्ष' ह्या नावाने परिचित आहे. पंचवीस वर्षांपूर्वी जे पुस्तकात कोठेच नव्हते ते येथे सर्व आहे : आई, बाप, भूक, भटकंती, शास्त्रांनी स्त्री व शूद्र ह्यांस नाकारलेला मोक्ष, कलकत्त्याच्या त्या खुर्च्या, फुलहॅमच्या त्या स्त्रिया. शिवाय एक कबुली आहे, जी आपल्यासारख्या व्यवसायाने धार्मिक असलेल्यांस टोचते. बाप्तिस्मा घेऊन कित्येक वर्षे झाली तरी आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या लिहितात.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास दिली. प्रचलित मराठी बायबल मोठ्या परिश्रमाचे होते. विल्यम कॅरीच्या वेळेपासून, म्हणजे १८११ च्या मराठी नव्या करारापासून, त्यावर पिढ्यांनी श्रम केले होते. पण त्यातील पुष्कळ शब्द पंडितांचे होते, आणि कित्येक शब्दांस पुराणांतील अर्थ चिकटलेले होते. हे अर्थ रमाबाईंइतके कोणास ठाऊक असणार? पुराण सांगून पोट भरणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. त्यांनी इब्री व ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि खेड्यातील निरक्षर स्त्रीस ऐकून समजेल अशा मराठीत भाषांतर आरंभिले.

ह्या भाषांतराची समीक्षा करणाऱ्यांनी त्यातील ओबडधोबडपणा दाखविला आहे, आणि तो आहेही. मूळच्या शब्दक्रमास ते इतके चिकटते की मराठी वाक्य ठिकठिकाणी अडखळते. परंतु ते कोणासाठी केले हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा विचार निराळा होतो. मुक्तिसदनातील पुष्कळ मुलींची मातृभाषा मराठी नव्हतीच. गुजरातच्या दुष्काळातून आलेल्या गुजराती बोलत, मध्य प्रांतातून आलेल्या हिंदी; पुढे निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यासही, जेथे कानडी, मराठी, उर्दू, तेलुगू एकाच बाजारात ऐकू येतात, १९१३ च्या सुमारास शाळा निघाली आणि ती मनोरमाबाईंनी सांभाळली. म्हणजे हे मराठी शास्त्र ज्यांस मराठी दुसऱ्या घराची भाषा म्हणून शिकावी लागली अशा मुलींसाठीही होते. हुबळी-धारवाडकडील मराठी मंडळ्यांत काम करणाऱ्या पाळकांस ह्यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही. घरात आई कानडी बोलते, मूल शाळेत इंग्रजी शिकते, आणि उपासनेत 'प्रायश्चित्त', 'नीतिमत्त्व', 'मध्यस्थी' हे शब्द ती आदराने ऐकते. श्रवणाने पुण्य लागते ही श्रद्धा आपण सोडली आहे, असे आपण समजतो.

बाबा पद्मनजी हे आपल्या शेजारच्या बेळगावचे. त्यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांची दुःखे मराठी कादंबरीत प्रथम आणली. त्या पुस्तकात विधवा बोलतात, पण त्यांचे बोलणे एका सहृदय पुरुषाने लिहिलेले आहे. रमाबाईंनी त्या विधवांस लिहिण्यावाचण्यास शिकविले, आणि केडगावच्या छापखान्यात त्यांच्या हाती खिळे दिले. नवा करार १९१३ मध्ये छापून झाला. जुन्या कराराचे काम रमाबाईंच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चालले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. त्या आघातानंतरही मुद्रितांचे तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

आपल्या मंडळ्यांच्या व्यासपीठावर ते रूढ झाले नाही. तेथे बायबल सोसायटीचीच प्रत राहिली. पण ह्या भाषांतराचा पहिला वाचक शोधायचा झाला तर तो व्यासपीठावर सापडणार नाही. दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेली, अक्षर ओळखू लागलेली एखादी मुलगी खिळ्यांच्या पेटीपुढे उभी राहून योहानाचा चौथा अध्याय एकेक अक्षर उचलून जुळवीत असे. खिळे उलटे असतात, म्हणून ती ओळ तिला उलटीच वाचावी लागे.